बहावा वाढवला

"कादंबरी, अगं, बहावा वाढवला!" श्यामलाबाई फोनमध्ये जवळजवळ ओरडल्याच.

पलीकडे स्टेशनजवळच्या पंचतारांकित हॉटेलात गाण्यांचा दणदणाट चालला होता. "काय? वाढवला? किती वाढवला काकू?"

"मधली अख्खी सर!"

"ओके, इट्स फाइन. मॉडेल उंच आहे, उलट ग्रेसफुल दिसेल. तसाच घेऊन या. आणि वेळेवर हं, पुढच्या रांगेत बसायचंय तुम्हाला!" फोन बंद.

श्यामलाबाई रिसीव्हरकडे बघत राहिल्या. वर्षभर ज्या हारापायी पोरीने झोप सोडली, तो विखरून पडला आणि ही म्हणते, तसाच घेऊन या! धन्य आहे बाई, असं म्हणून त्यांनी पिवळेधमक पुष्कराज एकेक करून डबीत भरले, सुई आणि रेशीम कमरेच्या पिशवीत खोचलं आणि दुकानाच्या पायऱ्या उतरल्या.

घोटाळा शब्दाचा होता. आपल्याकडे मंगळसूत्र तुटत नाही, बांगडी फुटत नाही, ती वाढवते. नारळसुद्धा फोडत नाहीत, वाढवतात. तुटलं-फुटलं म्हणायला जीभ धजत नाही, म्हणून वाढवलं म्हणायचं. श्यामलाबाईंचा जन्म दागिने गाठवण्यात गेलेला, त्यांच्या तोंडून दुसरा शब्द येणार कुठून? आणि कादंबरी बिचारी इंग्रजी शाळेत शिकलेली, वर दोन वर्षं इटलीत राहून आलेली. तिला वाढणं ठाऊक होतं ते पगाराचं, नाहीतर पानातलं.

चूक मात्र श्यामलाबाईंची, आणि ती उत्साहाची. कादंबरीच्या दागिन्यांचा कार्यक्रम संध्याकाळी, पण बाई सकाळीच नवी कोरी जरीकाठी नेसून दुकानात हजर. निघायच्या वेळी बहावा डबीत ठेवताना त्याचा फासा पदराच्या जरीत अडकला, बाई घाईघाईने वळल्या आणि मधली सर गेली.

रिक्षावाला म्हणाला, "स्टेशन? तिकडून परत रिकामं यावं लागतं."

"मग तिकडेच राहा. पण मला आधी सोडा."

तो हसला आणि त्याने मीटर पाडलं.

रिक्षात मात्र त्या पोटाशी धरलेल्या डबीचं झाकण पुन्हा पुन्हा चाचपत राहिल्या. हा हार दुसऱ्या कुणाचा असता तर एवढं वाटलं नसतं. लक्ष्मी रस्त्यावरच्या त्या दुकानात त्यांचे यजमान गाठवायचे. पुढे बसायचे, रस्त्याकडे तोंड करून, गिऱ्हाइकांशी थट्टामस्करी करत. ते गेल्यावर त्यांच्या जागेवर श्यामलाबाई बसल्या. पहिल्याच आठवड्यात एक बाई मंगळसूत्र घेऊन आल्या, श्यामलाबाईंच्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं आणि मालकांना हळूच म्हणाल्या, "दुसरं कुणी नाही का हो गाठवायला?"

मालक श्रीनिवासराव माणूस सज्जन, पण शेवटी दुकानदार. दुसऱ्या दिवशी श्यामलाबाईंचं आसन मागच्या खोलीत गेलं. काम तेच राहिलं. मंगळसूत्रं पुढून आत यायची आणि गाठवून बाहेर जायची. निम्म्या पेठांचं सौभाग्य बाईंच्याच हातचं होतं, फक्त कुणाला सांगायचं नव्हतं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. वाईट मात्र वाटलं, रोज वाटलं.

मग श्रीनिवासरावांची मुलगी इटलीहून परतली. हिंजवडीत पैसा खेळायला लागला होता, अमेरिकेहून आलेल्या सुनांना आजेसासूचे तोडे नको होते. कादंबरीने बापाला पटवलं आणि एक संग्रह मांडला: उजेड, रंग आणि झाडंझुडपं यांवरून घडवलेले दागिने. गुलाबी मोत्यांतली टेकडीवरची पहाट, पाणेरी खड्यांतली नदी, आणि सगळ्यांत देखणा तो बहावा. मे महिन्यात कोथरूडच्या गल्लीतून तिने बहाव्याचा खराखुरा घोस तोडून आणला, मागच्या खोलीतल्या ट्यूबलाइटला टांगला आणि म्हणाली, "काकू, हे गळ्यात घालायचंय."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुझं?" श्यामलाबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्या रात्री त्यांना पिवळी स्वप्नं पडली.

हॉटेलात आरशांच्या खोलीत कादंबरीने डबी उघडली आणि किंचाळली. "हे काय! हा तर तुटलाय!"

"अगं अगं, असं बोलू नये! सांगितलं ना फोनवर, वाढवला म्हणून."

"वाढवला म्हणजे... लांब नाही केला?"

"लांब कशाला करीन?"

कादंबरी खुर्चीत मटकन बसली, आधी खो-खो हसली आणि हसता हसता रडायलाच लागली. "काकू, बहावा शेवटी आहे. त्याच्यासाठीच आलेत सगळे. होईल का हो?"

"रडत बसलीस तर नाही होणार. तो रुमाल पसर."

बाहेर गाणं सुरू झालं. पहिली मुलगी पहाट घालून गेलीसुद्धा. श्यामलाबाईंनी सुई हातात घेतली, पण रेशीम नेढ्यात जाईना. आयुष्यभर डोळे मिटून ओवलेली सुई, आणि आज तीनदा दोरा बाजूलाच गेला. कादंबरीने ती घेतली, दोरा ओठांनी ओला केला आणि ओवून दिला. मग दोघी जमिनीवर बसल्या. एक मणी निवडून द्यायची, दुसरी ओवायची. टाळ्या ऐकू आल्या की दोघींचे हात आणखी भरभर चालायचे. इतकी मजा आपल्याला कामात कधी आली नव्हती, असं त्या गडबडीतही श्यामलाबाईंच्या मनात आलं.

सर पुरी झाली. आता शेवटची गाठ, आणि ती कुठे मारायची हे हार गळ्यात उतरल्याशिवाय कळणार नव्हतं. मॉडेलच्या केसांवर अजून फवारे चालले होते.

"काकू, तुमच्या गळ्यात धरते."

"माझ्या? नको गं. ते बरं दिसत नाही."

"मान वर करा."

पुष्कराज गार लागले. श्यामलाबाईंनी आरशात पाहिलं. आरशाभोवतीचे सगळे दिवे त्या पिवळ्या घोसात उतरले होते आणि तो उजेड त्यांच्या हनुवटीवर, गालांवर पडला होता. यजमान गेल्यापासून त्या गळ्यात काहीही पडलं नव्हतं. मागे कादंबरी दोन टोकं चिमटीत धरून उभी होती.

"जरा वर घे," श्यामलाबाई अखेर म्हणाल्या. "हं, तिथेच. काढ आता. हळू काढ, नाहीतर पुन्हा वाढवशील."

त्यांनी गाठ मारली, टोक आत दडवलं आणि हार मॉडेल मुलीच्या हवाली केला.

पुढच्या रांगेतल्या आपल्या खुर्चीत त्या जेमतेम पोचल्या. शेजारच्या बाईंच्या गळ्यातलं मंगळसूत्र त्यांनी बांधणीवरून लगेच ओळखलं.

"तुम्ही कुणाकडून?" त्या बाईंनी विचारलं.

"मी गाठवते," श्यामलाबाई म्हणाल्या. "तुमच्या गळ्यातलंही."

बाईंनी काही म्हणायच्या आत दिवे मंदावले आणि बहावा आला. सगळं सभागृह उभं राहिलं. श्यामलाबाई बसूनच होत्या, मुलगी पाठमोरी व्हायची वाट पाहत. ती वळली, तशी त्यांची नजर तिच्या मानेवर गेली. गाठ दिसत नव्हती.

त्यांचा हात आपल्याच मानेमागे गेला, तिथे क्षणभर थांबला आणि मग टाळ्यांसाठी पुढे आला.