आपला माणूस लाईनीवर

बाळाबाईंनी फळीवरचा आपला डबा खाली घेतला, झाकण उघडून ज्वारी तेवढीच आहे ना हे बोटांनी चाचपून पाहिलं आणि डबा कमरेवर घेतला. दळायचा राहिलेला तो शेवटचा डबा होता. सकाळी मृत्युंजयनं गिरणी उघडली तेव्हा फळी भरलेली होती. दुपारपर्यंत एकेक बाई आली आणि आपापलं धान्य न दळताच घेऊन गेली.

"काकू, टाकतोय की आता. तुमचाच नंबर हाय."

"नगं. वरच्या चौकातनं आणीन दळून."

"एवढं वझं घिऊन चौकापतुर जाणार?"

"जाईन. पोरं रविवारपासनं धड जेवली न्हाईत माझी. तुझ्या गिरणीचं पीठ त्यांच्या ताटात कुठल्या तोंडानं वाढू?"

बाळाबाई साठीच्या होत्या. लहानपणी मृत्युंजयला पडसं झालं की ओव्याची पुरचुंडी त्याच बांधत. त्या उंबरा उतरून गेल्या आणि वळणावरही त्यांनी मागं पाहिलं नाही. फुटबॉलच्या सामन्यावरून माणसाबरोबर त्याच्या जात्यालाही वाळीत टाकणारं शहर कोल्हापूरखेरीज दुसरं असेल असं वाटत नाही. त्यातही मंगळवार पेठेतल्या या बोळाचा हात कुणी धरू नये.

रविवारी अंतिम सामना झाला होता. पेठेची पिंपळवेस तालीम आणि खंदकाकडचा संघ. एका लाईनमनला सकाळपासून उलट्या सुरू झाल्या आणि ऐनवेळी दुसरा कुणी मिळेना म्हणून मृत्युंजयच्या हाती झेंडा आला. एरवी आपल्या पेठेच्या सामन्याला तो उभा राहत नसे. खंदकवाल्यांनी थोडी कुरकुर केली, मग माणूस सरळ आहे म्हणून मान डोलावली. पिंपळवेशीत मात्र पेढे वाटावेत तशी बातमी घरोघर गेली. आपला माणूस लाईनीवर, असं पोरं एकमेकांना टाळ्या देऊन सांगत होती.

शेवटची दोन मिनिटं राहिली होती, दोन्हीकडं शून्य. जोतीरामनं मैदानाच्या मधून लांब पास दिला आणि विजयसिंहानं तो जाळीत मारला. विजयसिंह म्हणजे तालमीचे अध्यक्ष हंबीरराव, म्हणजे पेठेचे आबा, यांचा पुतण्या, बावीस वर्षांचा, पेठेच्या गळ्यातला ताईत. चेंडू जाळीत गेला तेव्हा मृत्युंजयचा झेंडा आधीच वर गेलेला होता. ऑफसाईड. गोल रद्द झाला आणि टायब्रेकरला पिंपळवेस हरली. मृत्युंजयला पोलिसांच्या गाडीतून बाहेर काढावं लागलं. गाडीवर जे दगड आले ते खंदकवाल्यांनी मारलेले नव्हते.

पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागतो त्या क्षणी पुढचा खेळाडू शेवटच्या बचाववाल्याच्या पलीकडं असता कामा नये, एवढाच तो नियम. पण तो क्षण पकडायला शिकण्यात मृत्युंजयची आठ वर्षं गेली होती. पाय जड, त्यामुळं खेळाडू म्हणून तालमीनं त्याला कधी दुसऱ्या फळीतही घेतलं नाही. मग त्यानं झेंडा धरला. रोज सकाळी गिरणी उघडायच्या आधी तो मैदानावर जाई आणि कडेच्या चुन्याच्या रेघेवरून आडवा चाले, आडवा पळे. सराव कुणाचाही असो, हा आपला बाजूला उभा. लोक हसत. गिरणीवाला खेकड्यागत पळतोय म्हणत.

अडचण अशी की पास देणारा एकीकडं आणि पुढचा खेळाडू चाळीस हात पलीकडं. दोघांकडं एकदम बघता येत नाही. म्हणून नजर बचावाच्या रेघेवर ठेवायची आणि कान चेंडूवर. लाथेची थाप ऐकू आली की डोळ्यांसमोरचं चित्र तिथंच धरायचं. सुरुवातीला दहातले चार निकाल चुकत. सामना संपला की तो खेळाडूंना गाठून विचारी, खरं सांग, पुढं होतास का? हळूहळू चुका कमी होत गेल्या आणि मग एक वेळ अशी आली की खेळाडूच त्याला विचारू लागले. त्यात गिरणीनंही हातभार लावला होता. पट्टा धडधडत असताना, बायका वरच्या पट्टीत बोलत असताना, दगडाखालचं धान्य संपत आलं हे त्याला आवाजावरून कळत असे.

पण रविवारी वीस हजार माणूस होतं. तीन दिवस जो भेटेल तो हेच विचारत होता, तेवढ्या गलक्यात तुला थाप ऐकू आली? सोमवारी त्यानं ठामपणे हो म्हटलं. मंगळवारी जरा थांबून म्हटलं. आज बुधवार होता, आणि ती थाप आठवायला गेलं की कधी ती झेंड्याच्या आधी येई, कधी नंतर. आपण चुकलो असू, असं त्याला वाटू लागलं होतं.

बाळाबाई गेल्यावर थोड्या वेळानं ज्ञानू आला. हा तालमीचा सेक्रेटरी, आणि चौथीपर्यंत मृत्युंजयच्या बाकावर बसलेला. आज तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"आबांनी बोलीवलंय. साडेतीनला."

"कशाला?"

"म्हाईत न्हाय व्हय तुला? कागद टाईप करून आणलाय. पाचच्या आत असोसिएशनला पोचला पायजे. तुझी सही पायजे फकस्त."

कागदात काय आहे हे साऱ्या पेठेला ठाऊक होतं. माझ्याकडून नजरचुकीनं झेंडा उंचावला गेला, खाली सही. तेवढं मिळालं तर सामना पुन्हा खेळवावा लागेल असं हंबीररावांच्या वकिलानं सांगितलं होतं. मृत्युंजयनं सही केली की पेठ सगळं विसरणार होती, फळी पुन्हा भरणार होती. आणि चूक लेखी कबूल करणाऱ्या लाईनमनला पुन्हा कुणी झेंडा देत नाही, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणी बोलत नव्हतं.

आतल्या पायरीवर त्याची आई, शांतव्वा, सुपात गहू घेऊन बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"सही करून मोकळा हो, मुत्तू," ती म्हणाली. "तुझ्या अप्पानं चाळीस वर्सं दळलं ह्या पेठंत. एक डबा कवा माघारी गेला न्हाय."

"अव्वा, मी चुकलो असं वाटतंय तुला?"

"मला काय कळतंय त्यातलं? पर सगळी पेठ म्हणतीया. एवढी माणसं चुकत्यात व्हय?"

तोच प्रश्न तीन दिवस त्याला घास गिळू देत नव्हता. त्यानं तोंडावर पाणी मारलं, केसांतलं पीठ झटकलं आणि ज्ञानूला म्हणाला, "येतो. पर आधी सामन्याची कॅसेट दावा मला. मंग सहीचं बघू."

तालमीच्या माडीवर तीस-पस्तीस माणसं बसली होती. सतरंजीवर बूड टेकायला कुणी सरकून जागा दिली नाही, म्हणून मृत्युंजय भिंतीला पाठ लावून उभा राहिला. हंबीरराव खुर्चीत होते. ऐन उमेदीत ते स्वतः तालमीचे गोलकीपर होते आणि अजूनही बोलताना दोन्ही हात समोर पसरत. कोपऱ्यात विजयसिंह गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. केबलवाल्या आण्णानं स्वतः सामना टिपला होता आणि तोच कॅसेट घालत होता.

"बघ," हंबीरराव म्हणाले. "डोळं भरून बघ."

पडद्यावर जोतीराम दिसला. त्यानं मान वर केली, लाथ मारली, आणि कॅमेरा चेंडूच्या मागं आभाळात गेला. खाली आला तेव्हा चेंडू विजयसिंहाच्या पायात होता आणि बचाववाले त्याच्या पाठीमागं धावत होते. मधलं काहीच नव्हतं. मृत्युंजयला जे बघायचं होतं नेमकं त्याच वेळी आण्णा बाकीच्या वीस हजारांसारखा चेंडू बघत राहिला होता.

"परत लावा," मृत्युंजय म्हणाला.

परत लावली. पुन्हा तेच.

"अजून एकदा."

कुणीतरी पचकन खिडकीबाहेर थुंकलं. तिसऱ्यांदा कॅसेट फिरली तेव्हा मृत्युंजयनं डोळे मिटून घेतले. गलका होता, शिट्ट्या होत्या, कुणीतरी आण्णाच्या कानाशीच शिव्या देत होता. आणि त्या सगळ्याच्या खाली, पोत्यावर तळहात पडावा तशी, थाप आली. तिच्याबरोबर चित्र आलं. विजयसिंहाची निळी पाठ, खंदकवाल्याची टाच आणि दोघांच्या मधलं मोकळं गवत. कालपासून जे मागंपुढं होत होतं ते जागच्या जागी बसलं. त्याला एकदम हलकं वाटलं, कधी नव्हे ती भूक लागल्यासारखं वाटलं.

"झोपला का काय," कुणीतरी म्हणालं. माडी हसली.

"दिसलं का काय?" हंबीररावांनी विचारलं.

"कॅसेटीत न्हाय दिसत, आबा."

"मंग? कॅमेऱ्याला दिसलं न्हाय ते तुला दिसलं?"

"मला दिसलं. थाप आली तवा विजू पुढं हुता."

"थाप." हंबीररावांनी हात पसरून सगळ्यांकडं पाहिलं. "ईस हजार माणूस बोंबलतंय आणि ह्याला लाथंची थाप ऐकू येतीया. आरं, तालमीच्या दारात वाढलास तू. गिरणीची जागा कुणाची हाय, इसरलास काय?"

"तालमीची हाय."

"म्हाईत हाय म्हणजे. बरं झालं."

ज्ञानूनं कागद पुढं केला. नजरचूक हा शब्द वकिलानं मुद्दाम घातला होता, म्हणजे माणसाची अब्रूही जायला नको. मृत्युंजयनं कागद दोन वेळा वाचला आणि परत दिला.

"न्हाय जमायचं, आबा."

मग जो गोंधळ उठला त्यात कुणाचं काय, हे वेगळं काढणं कठीण होतं. कुणी त्याच्या अप्पांचं नाव काढलं, कुणी खंदकवाल्यांनी किती दिलं ते विचारलं. ज्ञानू सतरंजीवरून उठून दार लावून आला. एकानं तर गिरणीला टाळं ठोकायची किल्ली आपल्याकडं आहे असं सांगितलं. मृत्युंजय भिंतीला टेकून उभा होता. एवढ्यात कोपऱ्यातून विजयसिंह उठला. तीन दिवसांचा राग त्याच्या डोळ्यांत उतरला होता. तो सतरंजीवरच्या माणसांना ओलांडत मृत्युंजयच्या तोंडाशी येऊन उभा राहिला.

"अर्ध्या पावलासाठी," तो ओरडला. "अर्ध्या पावलासाठी माझा गोल खाल्ला ह्यानं, आबा. सगळ्या पेठंचं वाटुळं केलं. अर्धं पाऊल तर हुतो मी."

मृत्युंजयनं एकेका तोंडाकडं पाहिलं. जोतीराम सतरंजीचा दोरा उकलत होता. आण्णा कॅसेट खोक्यात घालत होता. ज्ञानू कागदावरची तारीख वाचत होता. कुणी दचकलं नव्हतं, कुणी पुतण्याला काय म्हणालास म्हणून विचारलं नव्हतं. ही माणसं काही वेगळं बघून आली नव्हती. त्यांनीही तेच पाहिलं होतं, आणि ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांना ते विजूनं रविवारीच सांगितलं असणार. आपण तीन दिवस कुढत होतो, रात्रंदिवस स्वतःचे डोळे आणि कान उलटेपालटे करून तपासत होतो, आणि इथं कुणालाच शंका नव्हती. मृत्युंजयला आधी स्वतःची लाज वाटली. मग राग आला, तीन दिवसांत पहिल्यांदाच.

हंबीररावांनी पुतण्याकडं बघितलंही नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, ज्ञानूकडचा कागद घेतला आणि पेन त्यावर ठेवलं.

"ज्ञानू, सगळ्यास्नी चहा सांग," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता अगदी घरच्यासारखा झाला होता. "घे, मृत्या. पाचला हाफिस बंद हुतंय."

मृत्युंजय पुढं आला. त्यानं पेन उचललं, टोपण लावलं आणि ते हंबीररावांच्या हातात दिलं. दाराशी गेल्यावर तो थांबला आणि विजयसिंहाकडं वळला. सरावानंतर खेळाडूंशी बोलायचा तसा, न चिडता.

"अर्धं न्हवं, विजू," तो म्हणाला. "दीड."

विजयसिंहानं खाली आपल्या पायांकडं बघितलं.

"ज्ञानू," हंबीरराव म्हणाले, "चहा एक कमी सांग."