जानरावच्या वावरातली सीतादही

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट. त्या साली लोणारजवळच्या बीबीकडच्या काळ्या रानात कापूस असा फुटला, की आपलं चांदणं खाली सांडलं असं वाटून चंद्र रात्रभर ते गोळा करत फिरला. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा.

सगळ्यात जास्त कापूस जानरावच्या वावरात. पण वेचणी अडलेली. आपल्याकडं सीतादहीशिवाय पहिलं बोंड वेचत नाहीत. धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, दगड मांडायचे, सीतामाईला दहीभात वाहायचा, मगच बायका कापूस वेचायला कमरेला ओट्या बांधणार. आणि वाहायचा तो घरच्या बाईनं. जानरावची बायको जनकाबाई तर उन्हाळ्यातच वारली.

घरात राहिली बना. जन्मली तेव्हा पोरगा झाला म्हणून गूळ वाटला होता, नाव ठेवलं होतं कडूबा. मिसरूड फुटायच्या आधीच तिनं आईला सांगितलं, "माय, मी पोरगी हावो." जनकाबाई पोटभर रडली, मग पेटीतलं स्वतःचं लुगडं काढून नेसायला शिकवलं. जानरावही घरात 'बना' म्हणू लागला. चौकात मात्र 'आमचा कडू'. ते बनाच्या कानावर आलं, की त्या दिवशी भाकरी तेवढी करपायची.

वेचणीच्या सकाळी बना दहीभाताचं गाडगं घेऊन धुऱ्यावर उभी राहिली. जानरावचा थोरला भाऊ उकंडराव आडवा आला.

"बे जानराव, माह्या घरून कौशल्येले बोलाव. पोराच्या हातचं दही सीतामाय घेते काय? वावर जळून जाईन!"

"काऊन जळन?" वेचणाऱ्यांची म्होरकी पुष्पाबाई म्हणाली. "मागल्या साली तुमच्या वावरात कौशल्याबाईनंच वाह्यलं ना, दादा? मंग बोंडं निंबोळीएवढी काऊन?"

बाया खिदळल्या. पण पुष्पाबाई जानरावकडं वळली. "तुमी सांगा, जानरावदादा. घरची बाई कोण? तुमी सांगसान तवाच आमी हात लावू."

जानराव ढेकळं पाहत राहिला.

"बाबा," बना म्हणाली, "जड जात असन तं मी गाडगं ठेवते. पण घरात एक अन् वावरात एक, हे आता मले जमत नाही."

तेव्हा जानराव ओरडला. असा ओरडला, की लोणारच्या पाण्यावर तरंग उठला आणि शेगावला ड्रायव्हरनं गार्डाची शिट्टी समजून आगगाडी सोडली.

"माही लेक हाये हे! बनाबाई! घरची बाई हेच! ज्याले पटत नसन त्यानं माह्या धुऱ्यावरून खाली उतरावं!"

उकंडराव उतरला.

"मंग पदर खोच, बाई," पुष्पाबाई म्हणाली, "ऊन चढून राह्यलं."

पदर खोचायच्या नादात बनानं गाडगं कलतं केलं, आणि अर्धा भात पुष्पाबाईच्या पायांवर पडला.

"मले नको पुजू व माय! सीतामाय तिकडं हाये!"

संध्याकाळी बना गाडीतल्या कापसावर बसली. जानरावचं घर पहिल्याच गल्लीत, पण गाडी त्यानं साऱ्या गावातून फिरवली. कोणी विचारण्याआधीच सांगायचा, "लेकीच्या हातची वेचणी हाये."

उकंडरावच्या दारात त्याची बायको कौशल्याबाई करंडा घेऊन बाहेर आली. बनाला खाली उतरवून तिनं कुंकू लावलं. आत उकंडराव खोकत होता. जानरावनं बैलांच्या पाठीवर हात ठेवला. "थांबा रे," तो म्हणाला, "इथं जरा जास्त वेळ थांबा."