चारशे वॉटचं कुंकू

दसऱ्यानंतरचा रविवार, सकाळचे साडेसात, आणि उद्धवरावांच्या ट्यूनरमधून चर्रर्र! रेडिओचं नि अँटेनाचं जमवून देणारी ही पेटी. पन्नास वॉटवर अगदी गरीब गाय. चारशे सोडले की आत निळी ठिणगी आणि काटा भलतीकडेच.

"मेलो!" उद्धवराव ओरडले.

मेल्यासारखंच होतं ते. बडनेऱ्याला रेल्वेच्या दूरसंचार खात्यात जन्म घालवलेला हा माणूस. दर रविवारी आठ वाजता अमरावतीतून देशभरच्या हॅम मंडळींची, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांची, हजेरी घ्यायचा मान अठरा वर्षं त्यांच्याकडे. पण मागच्या रविवारी अकोल्याचे महादेवराव, निवृत्त प्राध्यापक, सगळ्यांसमोर बोलून गेले, "उद्धवराव, तुमचा आवाज पोचत नाई. हजेरी आता मी घेतो." उद्धवरावांनी तिथल्या तिथं फुशारकी मारली होती, "पुढच्या खेपेले चारशे वॉटवर येतो. नाई आलो तर घ्या तुमची हजेरी!"

आणि आता हे! त्यांनी केबल बदलली, अर्थिंगची तार घट्ट केली, कनेक्टरला शिव्या घातल्या. चर्रर्र. मग स्वयंपाकघराकडे वळले.

"सिंधू, अँटेनाच्या तारेवर लुगडं वाळू घातलं का व?"

"त्या तारेले हात लावला तं तुमी जीव घ्यान माहा. मी काहून जाऊ तिकडं?"

शेवटी वीज बंद करून त्यांनी झाकण उघडलं. आतल्या पत्र्यांच्या फटीत ओलसर कुंकू, हळदीचा थर आणि झेंडूच्या दोन पाकळ्या. उद्धवरावांचा पारा चढला.

"मशिनीच्या पोटात कुंकू टाकते का कोणी? भैताडपणा हाय का नाई हा!"

सिंधूताई हात पुसत आल्या. आत वाकून बघितलं.

"खंडेनवमीले म्या वरून दोन बोटं लावली. झाकण तुमी उघडलं. म्हणे, देव आत रायते, चारशे वॉट त्यालेच पेलाचे हायेत. झेंडूही तुमीच कुस्करला."

अरे बाप्पा! उद्धवरावांना सगळं लख्ख आठवलं. वर आरतीसुद्धा म्हटली होती.

दात घासायचा जुना ब्रश नि स्पिरिट घेऊन ते भिडले. आठ वाजले. अकोल्याहून महादेवरावांनी ऐटीत हजेरी सुरू केली, तेव्हा उद्धवराव अजून पाकळीच उपसत होते. आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी चारशे वॉट सोडले. ना ठिणगी, ना चर्रर्र; काटा जागचा हलला नाही.

"वा! खणखणीत!" महादेवराव म्हणाले. "पण उशीर काहून झाला?"

लाइट गेली होती, असं म्हटलं असतं तर अख्ख्या वऱ्हाडात कोणी शंका घेतली नसती. जिभेवर आलंही होतं. पण दारात चहाचा कप घेऊन सिंधूताई उभ्या होत्या.

"ट्यूनरची पूजा केली," उद्धवरावांनी सांगून टाकलं. "आतून. कुंकवानं ठिणगी उडत होती. आन् मी बायकोवर खेकसलो."

देशभरातून खिदळणं सुरू झालं. कुणी शंख वाजवला. हसले नाहीत ते एकटे महादेवराव.

"मंडळी," ते खाकरले, "हजेरी उद्धवरावच घेतीन. मी जरा माह्या ट्यूनरचं झाकण उघडून पायतो. मघापासून माह्याकडंई चर्रर्र होऊन रायलं."

सिंधूताईंनी कप टेबलावर ठेवला. "त्याईले म्हणा, बारीक ब्रश घ्या," त्या म्हणाल्या. "मोठ्यानं पाकळी निघत नाई."