तान्ताच्या रात्रीचा रिक

माझ्या नवऱ्याला ऐकू येत नाही, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. भाजीवाल्याला ठाऊक आहे, इस्त्रीवाल्याला ठाऊक आहे, समोरच्या मशिदीत बांग देणाऱ्याला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते फक्त लबीबला. त्याच्या मते जगाचाच आवाज बसलाय. रेडिओ पूर्वीसारखे राहिले नाहीत, टेलिफोनच्या तारांना गंज चढलाय आणि मी तोंडातल्या तोंडात बोलते. मी! मी स्वयंपाकघरात बोलले की खालच्या मजल्यावरचं मांजर कान टवकारतं.

बाकी कुणाचं असं झालं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण हा माणूस वीस वर्षं सित्त इन्साफ या गायिकेच्या मागे बसून कानून वाजवत होता. मांडीवर ते तारांचं वाद्य घेऊन बसला की केसभर उतरलेली तारसुद्धा त्याच्या दाताखाली खड्यासारखी यायची. आमच्या लग्नात त्याने माझ्या मामाला गाताना मधेच थांबवलं होतं, कारण मामा किंचित वर चालला होता. असल्या कानांचा त्याला गर्व होता, आणि गर्वाला म्हातारपण आलेलं चालत नाही.

मी ठरवलं ते एका शुक्रवारी. दर शुक्रवारी शहीराचा, आमच्या मुलीचा, कुवेतहून फोन येतो. त्या दिवशी फोन स्पीकरवर होता; नात आली आणि तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "आजोबा, माझा दात पडला!"

लबीब म्हणाला, "शाब्बास! असाच अभ्यास कर."

 पलीकडे शहीरा हसली, पण तिचं ते हसणं मला आवडलं नाही.  आणि त्यानंतरच्या शुक्रवारपासून लबीब फोन वाजला की तो माझ्या हातात देऊन बाल्कनीत जायला लागला. "तूच बोल. तुम्हा बायकांच्या गोष्टी." झाडांना पाणी घालत पाठमोरा उभा राहायचा. झाडं कुजली पाण्याने. मला त्याचा इतका राग आला आणि इतकी दया आली की मी एकाच वेळी चहा आणि साखर दोन्ही सांडली.

"डॉक्टरकडे चल," मी म्हटलं. "कानात घालायचं छोटंसं मशीन मिळतं. दिसतसुद्धा नाही."

"मशीन म्हाताऱ्यांना लागतं."

"तू कोण आहेस? पाशाचा धाकटा मुलगा?"

"मला चांगले हेडफोन हवेत, सनीया. एवढंच. आपल्या घरातली सगळी यंत्रं भिकार आहेत. नीट हेडफोन असले तर मला सुब्हीचा रिकसुद्धा ऐकू येईल."

सुब्ही म्हणजे त्याच्या उजव्या हाताला बसणारा वादक, त्याचा जीव की प्राण. रिक वाजवायचा, झांजा लावलेली ती हाताएवढी डफली. वारला त्याला बरीच वर्षं झाली. सित्त इन्साफच्या एका लांबलचक गाण्यात, अलेक्झांड्रियाच्या कार्यक्रमात, ती एका ओळीवर थांबते, आणि त्या थांबण्यात सुब्ही झांजा नुसत्या थरथरवतो. वाळूत पाणी जिरावं इतका हलका आवाज. पूर्वी लबीब ते रेकॉर्डिंग लावायचा आणि त्या जागी बोट वर करून म्हणायचा, "हा बघ, आला माझा सुब्ही." गेली काही वर्षं त्याने ते लावलेलंच नव्हतं.

मी संधी सोडली नाही. "ठीक आहे. जाऊ हेडफोन घ्यायला. ज्याच्यात सुब्हीचा रिक ऐकू येईल तो घे, मी डॉक्टरचं नाव काढणार नाही. आणि कशातच नाही आला तर?"

"तर तू म्हणशील तिथे येईन."

"सय्यदा झैनबची शपथ?"

"सय्यदा झैनबची शपथ."

कान तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना कैरोतल्या अब्देल अझीझ रस्त्याच्या मागच्याच गल्लीत आहे. म्हणून मी दुकानही त्याच रस्त्यावरचं निवडलं. मुकाट्याने ठरवलं होतं, आज याला घेऊन त्या जिन्याने वर चढायचंच, मग पाठीवर उचलून न्यावं लागलं तरी बेहत्तर.

दुकानदाराचं नाव वहबा. पोट सुटलेला, गळ्यात लहानसा क्रूस आणि जिभेवर लोणी. त्याने लबीबला खुर्ची दिली, मला चहा दिला आणि एक भलामोठा काळा हेडफोन लबीबच्या डोक्यावर चढवून आपल्या पसंतीचं गाणं लावलं. ते मला दोन हातांवर बसून ऐकू येत होतं.

लबीब ओरडला, "हे काय आहे? गाणं की पाण्याचा पंप?"

"तपासायला हेच लावतात, उस्ताद. खालचा ठोका छातीत बसतो की नाही ते बघा."

"छातीत बसायला मी काय हृदयाच्या डॉक्टरकडे आलोय? एक माणूस गाणारा, पाच माणसं वाजवणारी आणि समोर जिवंत माणसं, असं काही लाव. हेडफोनची परीक्षा त्याच्यात होते. गर्दीतला खोकला वेगळा आणि व्हायोलिनवाल्याचा श्वास वेगळा ऐकू आला पाहिजे."

वहबाने माझ्याकडे पाहिलं. मी माझा फोन पुढे केला. अलेक्झांड्रियाची रात्र त्यात होती.

मग मी आणखी एक गोष्ट मागितली. "दोन हेडफोन एकदम लागतात का? एक त्याला, एक मला."

"लागतात की. पण तुम्ही दोघं..."

"तू जोड. नवराबायकोच्या भांडणात पडू नकोस."

त्याने एका तारेचे दोन फाटे करून दिले. मी हिजाबावरूनच हेडफोन बसवला आणि लबीबच्या समोर बसले. गाणं सुरू झालं. देवाशपथ सांगते, मी अशी इन्साफ कधी ऐकली नव्हती. आमच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ती कायम कढईच्या आवाजाशी भांडत असायची. इथे ती माझ्या दोन भुवयांच्या मध्ये उभी होती.

लबीबने डोळे मिटले होते. मान डोलत होती. ती ओळ आली, इन्साफ थांबली, आणि लबीबचं बोट वर गेलं. "आला!" तो जोरात म्हणाला. "ऐकलंस? आला! बांधून दे रे बाबा, हाच."

आणि मग माझ्या कानात सुब्हीचा रिक थरथरला.

नंतर. बोट आधी, रिक नंतर. अर्ध्या श्वासाचाच फरक, पण होता. लबीबने तो ऐकला नव्हता. तो कुठे येतो ते त्याला पाठ होतं.

मी हेडफोन काढला. "लबाड! चक्क शपथ घेऊन लबाडी करतोस?"

"काय लबाडी? आला म्हणून सांगितलं."

"यायच्या आधीच आला? ती ओळ तुझ्या हाडांत मुरलीय. तुला कापूस घालून बसवलं तरी तू बोट बरोबर वर करशील. पोराला घरी प्रश्नपत्रिका देऊन शाळेत परीक्षा घेतल्यासारखं झालं हे."

लबीब लाल झाला. खोटं पकडलं गेलं की तो असाच होतो, आधी लाल आणि मग सरकारी. "करार सुब्हीच्या रिकचा झाला होता," तो म्हणाला. "सुब्हीची सगळी रेकॉर्डिंगं मला पाठ आहेत. मी तिथे होतो. त्याला मी काय करू?"

वहबा मधे पडला. "दुसरं काहीतरी लावू, उस्ताद. आजकालचं..."

"आजकालच्यात सुब्ही आहे का?"

"नाही."

"मग?"

तो हात बांधून बसला. त्याला वाटलं, जिंकला. आणि तेव्हा मला तान्ता शहरातली ती रात्र आठवली.

वीस वर्षांत इन्साफच्या एकाच कार्यक्रमाला लबीब नव्हता. तान्ताच्या. हेच गाणं होतं, पण इन्साफचं गाणं दर रात्री निराळं. समोरचे लोक "पुन्हा!" म्हणून ओरडायचे, ती तीच ओळ पुन्हा घ्यायची आणि दर वेळी दुसऱ्याच वाटेने फिरवून आणायची. ती कुठे थांबेल हे तिलाही ठाऊक नसायचं, आणि त्यातल्या कुठल्या थांबण्यात सुब्ही झांजा हलवेल हे त्यालाही. त्या रात्री मी कैरोच्या इस्पितळात कळा सोसत होते आणि लबीब बाहेरच्या बाकावर बसला होता. त्याच्या जागी कुणी तरी दुसराच कानूनवाला बसवला गेला. दुसऱ्या दिवशी सुब्ही बसबूसाचा, रव्याच्या मिठाईचा, डबा घेऊन आला, शहीराला बघितलं आणि लबीबला म्हणाला, "रेकॉर्डिंग निघालं की ऐक."

लबीब म्हणाला, "माझ्या खुर्चीत बसलेल्या त्या गाढवाला मी ऐकू? मेलो तरी नाही." आणि नाहीच ऐकलं. आमच्या घरात तान्ताची रात्र लावायला बंदी. शहीराने मात्र कुठून तरी शोधून माझ्या फोनवर पाठवून ठेवली होती, तिची जन्मरात्र म्हणून. मीही ती कधी लावली नव्हती.

"लबीब," मी म्हटलं, "तान्ता."

त्याचे हात सुटले. "ते नको."

"सुब्ही आहे त्यात."

"तो गाढवही आहे त्यात."

"गाढवाकडे दुर्लक्ष कर. शपथ सुब्हीची आहे."

 मग त्याने स्वतःच हेडफोन उचलून डोक्यावर बसवला, सैनिक टोपी चढवतो तसा.

सुरुवातीला त्याला मजाच आली. "घाई करतोय, बघ. कसली घाई? आई वाट बघतेय घरी?" एवढं त्याला ऐकू येत होतं. मधले आवाज, जाड आवाज, सगळं. मग ती ओळ आली. इन्साफ थांबली. लबीबचं बोट वर गेलं, सवयीने. माझ्या कानात नुसते लोक होते, "अल्ला! अल्ला!" करणारे. मी मान हलवली.

"पुन्हा!" लोक ओरडले. ओळ परत आली, उतरत्या जिन्याने. लबीबचं बोट अर्धं वर गेलं आणि माझ्याकडे बघून खाली आलं. तिथेही काही नव्हतं.

लोक आता पेटले होते. टाळ्या, शिट्ट्या, कुणी तरी सगळ्या नबींच्या शपथा घालत होता. आणि त्या गोंगाटाच्या खाली, अगदी मायक्रोफोनला चिकटून, एक दार वाजलं. कुणी तरी कुजबुजलं. मग एक माणूस दबक्या आवाजात म्हणाला, "अरे, लबीबला मुलगी झाली! मुलगी!"

सुब्हीचा आवाज. मी त्याला ओळखणार नाही?

कुणी तरी हसलं. आणि मग झांजा वाजल्या. तालात नाही, ओळीच्या थांबण्यातही नाही. पाळण्यावर वाकून बाळापुढे खुळखुळा हलवावा तशा, लांबलचक, हलक्या हलक्या. अख्खं तान्ता ओरडत होतं आणि तो माणूस तासाभराच्या माझ्या मुलीला खेळवत होता.

मी रडले. दुकानात, वहबासमोर, चहाच्या पेल्यात. लाज वाटली नाही.

समोर लबीब बसला होता. दोन्ही डोळे उघडे, बोट गुडघ्यावर. ते हललंच नाही. माझ्याकडे बघून त्याने हेडफोन काढला. "काय झालं? सनीया? काय झालं?"

"सुब्ही आला," मी म्हटलं.

"कुठे?"

"तिथेच. मघाशी. आणि बोललासुद्धा."

"बोलला?" त्याचा चेहरा असा झाला की माझ्या ओठांवर सगळं आलं. सांगून टाकावं, त्याचा हात हातात घ्यावा, दोघांनी मिळून रडावं, उसाचा रस प्यावा आणि घरी जावं. मग मला ती झाडं आठवली, बाल्कनीतली, पाण्याने कुजलेली. नातीचा दात आठवला. मी ओठ घट्ट मिटले.

"काय बोलला?"

"सांगणार नाही."

"सनीया!"

"तुझ्यासाठी बोललाय. तूच ऐक."

त्याने हेडफोन पुन्हा चढवला. वहबाने तो तुकडा परत लावला. लबीबने दोन्ही तळहातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला, डोळे गच्च मिटले, कपाळावरची शीर तटतटली. सगळं आयुष्य ज्या कानांनी त्याने लोकांच्या चुका पकडल्या, त्या कानांना तो एका माणसासाठी विनवत होता. मला बघवेना. मी बघितलं.

"पुन्हा," तो वहबाला म्हणाला. वहबाने पुन्हा लावलं. मग आणखी एकदा.

शेवटी लबीबने हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला. त्याच्यावरून हात फिरवत राहिला. रस्त्यावर मोटारींचे हॉर्न चालले होते, वहबा उगीचच एक स्वच्छ काच पुसत होता.

"त्यानेच सांगितलं होतं, ऐक म्हणून," लबीब म्हणाला. "मी त्या गाढवापायी..." मग हेडफोनची तार गुंडाळायला लागला. "तेवढा वाईट वाजवत नव्हता म्हणा."

"नव्हता."

"ती तुझी डॉक्टरीण. कुठे बसते?"

"मागच्या गल्लीत. जिना आहे."

"जिना चढता येतो मला. पाय शाबूत आहेत." तो उठला, कोट नीट केला आणि हेडफोन वहबाच्या हातात दिला. वहबा घाईने म्हणाला, "दुसरा दाखवू, उस्ताद? याच्याहून चांगला आहे आतमध्ये."

"नको. हा चांगला आहे," लबीब म्हणाला. "बाजूला काढून ठेव, कुणाला विकू नकोस. मी कान घेऊन येतो."