अर्धा फेरा

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे टिटवी म्हणायचे. नाव बाबांनी ठेवलेलं. लांब काटकुळे पाय, सदा पाण्याच्या काठी, आणि तोंडाला विसावा म्हणून नाही. पुढे ती वॉटर स्कीइंगला लागली तेव्हा तलावावरचे लोकही तिला त्याच नावानं हाका मारू लागले, आणि तिचं खरं नाव फक्त स्पर्धेच्या यादीत उरलं.

तलावाच्या काठाला माझी कार्यशाळा आहे. एक लांबोळकी खोली, मधोमध टेबल, भिंतीला उभ्या टेकलेल्या स्की. काम एकच: स्कीवर बूट बसवून द्यायचे. ऐकायला सोपं वाटतं. स्लॅलम या स्कीइंगच्या प्रकारात दोन्ही पाय एकाच स्कीवर असतात, एकामागे एक. हातात बोटीचा दोर. पाण्यात सहा नारिंगी गोळे तरंगत असतात, त्यांना एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून वळसा घालत जायचं. एक खेप जमली की दोर आखूड करतात आणि पुन्हा सोडतात. पडेपर्यंत हा खेळ चालतो. म्हणजे पडायचं तर सगळ्यांनाच आहे. पडताना पाय स्कीतून सुटला पाहिजे आणि वळताना सुटता कामा नये, एवढीच माझी विद्या.

टिटवी अठ्ठावीस वर्षांची होती तेव्हा तिनं रबरी बूट सोडून टणक कवचाचे घ्यायचं ठरवलं. मी आढेवेढे घेतले. रबरी बूट पडताना आपसूक ताणला जातो आणि पाय बाहेर येतो. टणक बुटातून पाय येत नाही, अख्खा बूटच स्कीवरून निघावा लागतो. त्यासाठी टाचेमागे एक स्प्रिंग असते, आणि ती किती जोराला सुटावी हे एका स्क्रूवर ठरतं.

"रबरात माझा पाय नाचतो, दादा," ती म्हणाली. "मी वळायचं म्हणते आणि स्की म्हणते, विचार करून सांगते."

"स्की तुझ्यापेक्षा शहाणी आहे."

"मग तिलाच पाठव स्पर्धेला."

शेवटी आम्ही बूट निवडायला बसलो. आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घालायचा, बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे किती जागा राहते ते बघायचं. एका जोडीत माझं बोट सहज जात होतं, दुसरीत कसंबसं. तिला दुसरीच हवी होती. अस्तर गरम करून पायावर बसवावं लागतं, म्हणून ते आमच्या स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये ठेवलं. बायको दारात उभी राहून म्हणाली, "उद्या यात मी केक करणार आहे. बुटाचा वास आला तर पहिला तुकडा तुम्हा दोघांना." टिटवी गरम अस्तरात पाय घालून, दात ओठ आवळून, फरशीवर दहा मिनिटं उभी राहिली. पुढचा बूट टणक, मागच्या पायाला साधा रबरी पट्टा, अशी जुळणी केली. स्प्रिंग तिच्या वजनाप्रमाणे लावली. मग स्की गालिच्यावर ठेवून तिला पुढे झोकून द्यायला सांगितलं. बूट खटकन सुटला आणि ती हसत माझ्या अंगावर कोसळली.

ही जमिनीवरची चाचणी माझा नियम होता. स्क्रूला हात लागला की चाचणी. मग तो हात कुणाचाही असो.

दोन हंगाम छान गेले. शनिवारी सकाळी ती तलावावरच्या क्लबच्या लहान मुलांना शिकवायची. कुठलं पोर पाण्यात जायच्या आधी ती गुडघ्यावर बसून त्याचे पट्टे स्वतः तपासायची आणि तोपर्यंत त्याला एक भयंकर विनोद सांगायची.

तिसऱ्या हंगामात मोठ्या स्पर्धेच्या आधी, सरावात तिचा बूट दोनदा वळणावरच सुटला. बोट चालवणारे काका, ज्यांनी आम्हा दोघांनाही पोहायला शिकवलं होतं, तिला ओलीचिंब घेऊन माझ्या दाराशी आले.

"घट्ट कर," ती म्हणाली.

"नाही. स्प्रिंग बरोबर आहे. तू फार पुढे झुकतेयस."

"मी पंधरा वर्षं झुकतेय. दादा, थोडासा."

"थोडासा म्हणत म्हणतच लोक पाय मोडून घेतात. विषय संपला."

तिनं स्की उचलली आणि दार आपटून गेली. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही दोघं लहानपणीही असंच भांडायचा. फक्त तेव्हा बादलीवरून."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी मी धक्क्यावर गेलो. तिची स्की कठड्याला टेकलेली होती, ती कपडे बदलायला गेली होती. का कोण जाणे, मला तिची दया आली. वळणावर बूट सुटल्यावर तिचा चेहरा कसा झाला होता ते आठवलं. खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि टाचेमागच्या स्क्रूला अर्धा फेरा दिला. अर्ध्या फेऱ्यानं काही बिघडत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, बघ, मीच खरी. आणि अजून अर्धा मागितला असता. स्क्रूशेजारच्या खुणा उन्हापाण्यानं केव्हाच पुसल्या होत्या, त्यामुळे तो आधी कुठे होता हे बघून कळण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. चाचणी राहिली.

पहिल्या तीन खेपा तिनं लोण्यातून सुरी फिरवावी तशा काढल्या. चौथ्या खेपेत, तिसऱ्या गोळ्याला वळताना, स्कीचं टोक पाण्यात रुतलं. मी काठावरून पाहिलं. मागचा पाय निघाला. पुढचा नाही. ती पाण्यात एकदा फिरली, आणि स्की तिच्या पायासकट दुसऱ्या दिशेला फिरली. मग तिचा आवाज आला. टिटवीला इतकी वर्षं ओरडताना ऐकलं होतं, पण हा आवाज तिचा आहे हे मला क्षणभर कळलंच नाही.

घोट्याची दोन हाडं मोडली होती. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात गेलो. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला, तिचा पाय दोन उशांवर. सगळं सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो, जिन्यात वाक्यं जुळवली होती. पण मी खुर्ची ओढायच्या आत तिनं माझा हात धरला.

"दादा, माझंच चुकलं. तू नको म्हणाला होतास. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी मी स्वतःच स्क्रू पिळला. अर्धा फेरा. तुला न सांगता." आणि ती रडायला लागली. "तुझ्या कामाला मी बट्टा लावला."

माझा अर्धा आणि तिचा अर्धा. जिन्यातलं एकही वाक्य आठवेना. मी म्हणालो, "जाऊ दे."

एवढंच. तिनं माझा हात कपाळाला लावला.

घरी आल्यावर मी तिचा बूट उघडून पाहिला. स्क्रू पूर्ण बाहेर काढत फेरे मोजले आणि वहीतल्या नोंदीशी ताडले; मी लावून दिला होता त्याहून तो बरोबर एक फेरा आत होता. तिचं खरं होतं आणि माझंही. नुसता तिचा अर्धा असता तर बूट बहुधा सुटला असता. नुसता माझा असता तरीही. मी चाचणी घेतली असती तर गालिच्यावरच कळलं असतं. हे मी बायकोलाही सांगितलं नाही.

आठवड्यानं सांगू म्हटलं, तर ती कुबड्या शिकत होती. महिन्यानं म्हटलं, तर ती नुकती हसायला लागली होती. वर्षानं वाटलं, आता कशाला जखम उकरा. प्रत्येक वेळी कारण तिच्या भल्याचंच सापडायचं.

टिटवीनं पुन्हा स्पर्धेची स्की घातली नाही. जिना उतरताना ती अजून पाय तिरका टाकते. तिनं एका चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. शनिवारचा मुलांचा वर्गही सोडला, पण तो पायामुळे सोडला असं मी धरून चाललो. ती आमच्याकडे यायची, माझ्या बायकोशी भरभरून बोलायची, माझ्याशी मात्र जरा खालमानेनं. मला वाटायचं, मनात कुठेतरी माझा राग असेल. आणि खोटं कशाला बोलू, तसं वाटण्यात मला बरं वाटायचं. थोडी शिक्षा भोगतोय असं.

चार वर्षांनी काका एक पट्टा शिवून घ्यायला आले. शिवण चालू असताना म्हणाले, "तिला जरा समजाव. मुलांच्या वर्गाला माणूस नाही. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाली."

"पाय दुखत असेल."

"पायाचं काय घेऊन बसलास? शिकवायला पाय कुठे लागतो, तोंड लागतं, आणि ते तिला आहे. ती म्हणते, जिनं स्वतःच्या बुटाशी नसता चाळा करून पाय मोडून घेतला, तिनं लोकांच्या पोरांचे पट्टे तपासायचे नसतात. रोज दुकानात एकेक चष्मा चार-चारदा तपासते म्हणे."

सुई माझ्या बोटात गेली. काका म्हणाले, "अरे, जपून."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्या दुकानात गेलो. चारी भिंतींना आरसे, आरशांत नुसते रिकामे चष्मे. ती काउंटरमागे एका फ्रेमची काडी वाकवत होती. गिऱ्हाईक नव्हतं.

"दादा? घरी सगळं ठीक ना?"

मी उभ्या उभ्याच सांगितलं. धक्का, कठडा, स्क्रू ड्रायव्हर, अर्धा फेरा, राहिलेली चाचणी. दवाखान्यात सांगायला आलो होतो, हेही. ती फ्रेम हातात धरून ऐकत होती.

माझं संपलं तेवढ्यात दार उघडून एक आजोबा आत आले. चष्मा नाकावरून घसरतो म्हणाले. तिनं त्यांना खुर्ची दिली, चष्मा काढून घेतला, बारीक स्क्रू आवळला, पुन्हा त्यांच्या नाकावर बसवला, मान हलवायला सांगितली. "आता खाली वाका. हं. हसून दाखवा." आजोबा हसले. ती हसली नाही. ते गेल्यावर तिनं दार नीट लावून घेतलं.

"मी माझं सांगितल्यावर तू 'जाऊ दे' म्हणालास," ती म्हणाली. "मला वाटलं, माझा दादा किती मोठ्या मनाचा आहे."

तिनं मघाची फ्रेम उचलून पुन्हा खाली ठेवली.

"चार वर्षं तुझ्याकडे वर मान करून बघायची मला लाज वाटायची. तुला कळत नव्हतं?"

"मला वाटलं, तू रागावलीयस."

"माझ्या स्वतःवर रागावले होते रे!" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "पाय मोडला त्याचं काही नाही. तो आपण दोघांनी मिळून मोडला. पण त्यानंतरचं? त्यानंतरचं तू एकट्यानं केलंस."

"टिटवे..."

"आत्ता नको. दुकान आहे. तू जा."

मी गेलो. रस्त्यावर आल्यावर मागे वळून पाहिलं, तर ती काउंटरवर दोन्ही तळवे टेकून उभी होती आणि सगळ्या आरशांत तीच दिसत होती.

तीन आठवड्यांनी तिनं काकांना फोन करून वर्ग घेते म्हणून सांगितलं. पण क्लबनं चारच दिवसांपूर्वी दुसऱ्या कुणाला तरी नेमलं होतं. काका मला म्हणाले, "महिनाभर आधी बोलली असती तर." त्यांना ठाऊक नव्हतं, ते कुणाला बोलताहेत. मग मी त्यांनाही सगळं सांगितलं. "चार हंगाम," ते एवढंच म्हणाले, आणि बोट पुसायला निघून गेले.

टिटवी आता आमच्याकडे पूर्वीसारखी येत नाही, पण येते. आली की माझ्याशी सरळ, वर बघून बोलते. थट्टा करत नाही. तिची थट्टा इतकी लागायची, की कधी तिची उणीव भासेल असं मला वाटलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका सकाळी काकांची बोट काठाजवळून गेली आणि मागे दोराला ती होती. दोन स्कीवर, नवशिक्यासारखी, पायांत मऊ रबरी बूट. तलावाला एक चक्कर मारून ती धक्क्याला लागली. मी कार्यशाळेतून खाली उतरलो. ती फळीवर बसून केस पिळत होती.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"पाणी गार आहे," ती म्हणाली. "वहिनीला सांग, रविवारी येते."

बूट नवे होते. माझ्याकडून घेतलेले नव्हते. ते कुणी बसवले, हे मी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. तिनं एकेक करून त्यांतून पाय काढले, स्की काखेला मारल्या आणि पाय तिरका टाकत चढण चढून गेली.