ताऱ्याची ऊब

“मॅडम, ये वाला भी उठा लें?” दौलतसिंहने विचारलं, तशी कुमुदिनीने संगणकावर हातच ठेवला.

“हा नाही. शाम तक रुकिए, भैया.”

दौलतसिंह कॉलेजचा शिपाई. खाली टेम्पो उभा होता. ग्वाल्हेरातली दोन कॉलेजं एक होणार होती. त्या जुळवाजुळवीत भौतिकशास्त्राचा विभाग बंद होऊन कुमुदिनी सोमवारपासून किला गेटजवळच्या, दुसऱ्या कॉलेजच्या इमारतीत मुलांना कॉम्प्युटर शिकवणार होती. टेबलं गेली, कपाटं गेली. ती मात्र सकाळपासून एका जागी बसली नव्हती. खिडकीशी जायची, परत संगणकाच्या पडद्याशी यायची.

कित्येक वर्षं ती एका न्यूट्रॉन ताऱ्याच्या मागे होती. मेलेल्या ताऱ्याचा हा गाभा ग्वाल्हेर शहराएवढाच, पण सूर्याहून जड, आणि युगानुयुगं निवत आलेला. जे दिसत नाही पण ज्याचं वजन साऱ्या विश्वाला जाणवतं, ते कृष्णद्रव्य अशा ताऱ्यात कोसळत असेल, तर त्याच्यात थोडी ऊब उरायला हवी. परदेशातल्या दुर्बिणीने टिपलेल्या प्रकाशात कुमुदिनीला ती ऊब दिसली होती. शंका एकच होती. जवळ दिसणाऱ्या अंधुक दीर्घिकेचा प्रकाश तर त्यात मिसळला नसेल? नव्या चित्रावरून तोच हिशेब आज चालू होता.

दुपारी प्राचार्य शालिनीताई दाराशी येऊन थांबल्या.

“कुमुद, संध्याकाळी कमिटी बसते आहे. तुझं ते सापडलं म्हणून सांगितलं, तर विभाग वाचवता येईल. अखबारात आलं की मग कोण हात लावतो?”

“अजून तपासते आहे, ताई.”

“तपास की नंतर. आज फक्त हो म्हण.”

सकाळी निघताना वडील, महिपतराव, म्हणाले होते, “तुझ्या आजोबांची संस्थानी पलटण भारतीय सैन्यात विलीन झाली तेव्हा त्यांना कोणी विचारलं नव्हतं. तुला विचारलं तर गप्प बसू नकोस.” ते आठवूनही ती हो न म्हणता पुन्हा आकड्यांकडे वळली.

उन्हं कलताना आकडे आले. दीर्घिकेचा प्रकाश वजा केल्यावर ताऱ्यापाशी काहीच उरत नव्हतं. तिने पुन्हा करून पाहिलं. काहीच नाही.

ती खाली प्राचार्यांच्या खोलीत गेली.

“ताई, ती ऊब ताऱ्याची नव्हती. शेजारच्या दीर्घिकेची होती.”

“हे तुझ्याशिवाय कोणाला कळणार आहे?”

“आज कोणालाच नाही.”

शालिनीताईंनी चष्मा काढून पुसला. “मग मी काय सांगू त्यांना?”

“सांगा, या ताऱ्यात नाही सापडलं. तेही कुणीतरी पाहायला हवंच होतं.”

वर येऊन तिने परदेशातल्या सहकाऱ्यांना तेवढंच कळवलं, संगणक बंद केला, वायरी गुंडाळल्या.

“मिल गया, मॅडम?” दौलतसिंह स्टुलावरून उठला.

“नहीं मिला, भैया.”

त्याने दुसऱ्या बाजूने संगणकाचं ते जुनं धूड धरलं. जिन्याच्या वळणावर म्हणाला, “धीरे.”

ड्रायव्हरने शेजारची जागा रिकामी केली होती. पण नया बाजारातून टेम्पो हिसके खात निघाला, तेव्हा कुमुदिनी मागेच, उलट्या रचलेल्या बाकांच्या मध्ये, संगणकाला दोन्ही हातांनी धरून बसली होती.