अकोटावरचं तांबडं आभाळ

माहं तोंड फाटकं आहे, हे मलेही ठाऊक आहे. पन त्या सांजेले जे निघालं, ते निघाले नको होतं.

अमेरिकेतल्या लढाईनं कापसाचं सोनं केलं, त्या दिवसातली गोष्ट. माही धाकटी बहीन जमुना अकोटात राहे, मी तिथून दोन कोस दक्षिनेले, आमच्या वावरात. तिचा घरवाला आदल्या साली पटकीनं गेला. साऱ्या सालाचा कापूस तिनं परसात रचून ठेवला होता. घर, पोरगी, बैलं, सारं त्या एका गंजीवर. म्या तिची पोरगी माह्या पोरासाठी, भगवंतासाठी मागतली, तं तिनं निरोप धाडला, "सध्या नाही जमत." मले! थोरल्या बहिनीले! विहिरीवर भांडे घासता घासता म्या हात वर केला आन् म्हनलं, "आग लागो तुह्या गंजीले!"

दिवा लावाले उठली, तं उत्तरेकडचं आभाळ लालभडक! अकोटच्याच आंगानं. तो लाल उजेड वर चढे, हाले, फिका पडे, पुन्हा पेटे. अवो माय! देवानं जलमात माहं काही आयकलं नाही, आन् हेच आयकलं?

मी अनवानीच पळाली. मांगून माहे घरवाले नत्थुजी वरडून राहिले, "अवो, धूर कोठी आहे? वास कोठी आहे?" मी कोनाचं आयकते!

अकोटात लोकं रस्त्यावर उभे, माना वर करून. म्या बोंब ठोकली, "जमुनाची गंजी पेटली! पानी आना!" मंग काय इचारता! ज्याच्या हाती जे लागलं ते घेऊन मानसं परसात घुसले. गंजीले जाळ नव्हता. पन कापूस आतल्या आत धुमसते, बाहेर दिसत नाही, हे साऱ्यायलेच ठाऊक. म्हून घागरीवर घागरी ओतल्या. म्याही ओतल्या.

जमुना घरातून धावत आली. तिनं खांद्यापर्यंत हात गंजीत खुपसला. "थंड आहे, बाई," ती म्हने. "निरा थंड आहे."

चौथ्या दिवशी कापूस पिवळा पडला, कुबट वास सुटला. व्यापारी हात लावेना. मी तिथंच होती, पाय रक्ताळले म्हून जमुनानं जाऊ देल्लं नाही. जो येईन त्याले ती सांगे, "माही बहीन अनवानी धावत आली."

त्या दिवशी शेजारनीचा भाऊ ओसरीवर आला, अकोल्याचा तारबाबू किसनराव. तो म्हने, "बाई, ती आग नव्हतीच. फार वरची पातळ हवा विजेनं उजळते. बंद काचेच्या नळीत पातळ हवा ठेवून वीज सोडली तर तीही रंगानं चमकते, मी आमच्या साहेबाकडे पाहिली आहे. त्या रात्री तारयंत्राची बॅटरी काढून ठेवली तरी माझी तार आपोआप कडकडत होती. पार उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखात हा उजेड नेहमी दिसतो, खाली हिरवा, वर तांबडा. आपण इतके लांब की हिरवा जमिनीच्या गोलाईआड राहतो. आपल्याला नुसता वरचा तांबडा दिसला."

हवा! नुसती हवा उजळली! कोनाचा शाप नाही, काही नाही, आन् गंजी तं म्याच बुडवली!

जमुना माहा पाय मांडीवर घेऊन हळद लावून राहिली होती. तिनं मान वर केली.

"साऱ्या अकोटाले वाटलं, सातपुड्यात वनवा पेटला," ती म्हने. "तुले काहून वाटलं, माहीच गंजी जळते म्हून?"

बाबू, शेजारीन, पोरगी, सारे माह्याकडे पाहून राहिले. खोटं सांगता आलं असतं. म्या खरं सांगतलं, विहिरीपासून सारं.

जमुनानं माहा पाय मांडीवरून खाली ठेवला, हळदीची वाटी उचलली आन् घरात गेली.